फरशीपलीकडची शाळा

चहा अर्धाच पिऊन माने साहेबांनी कप खाली ठेवला.

"सरपंचबाई, मी गोड बोलून फसवणार नाही," ते म्हणाले. "दोन दोन शाळा चालवायला आमच्याकडं आता शिक्षकही नाहीत आणि निधीही नाही. दोन्ही गावांनी मिळून एक ठेवा. नाहीतर जूनपासून दोन्ही बंद."

मार्च महिना होता. भैरोळीच्या शाळेच्या व्हरांड्यात आम्ही तिघं बसलो होतो: शिक्षण खात्याचे विस्तार अधिकारी माने साहेब, आमच्या शाळेचे निकम गुरुजी आणि मी. आत मुलं पाढे म्हणत होती. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा शाळेतली प्रार्थना आमच्या अंगणात ऐकू यायची. आता व्हरांड्यात बसूनसुद्धा एकेका मुलाचा आवाज ओळखता येत होता. त्यात माझ्या मुलीचा, प्रणालीचा, सगळ्यात मोठा.

"बंद झाली तर मुलं जाणार कुठं?" मी विचारलं.

"पेठेच्या केंद्रशाळेत. गाडीची सोय करू."

निकम गुरुजी खाली बघत म्हणाले, "साहेब, गाडीचं मागच्या वर्षी खालच्या वाड्यांनाही सांगितलं होतं."

माने साहेब कागद आवरायला लागले. माणूस वाईट नव्हता. वरून आलेलं खाली पोचवायचं, आणि खालचं वर कोणी ऐकत नाही, अशी त्यांची अवस्था होती. उठताना ते म्हणाले, "पुढच्या सोमवारी मी परत येतो. तोवर दोघांचं एकमत झालं, तर मला वर तोंड उघडता येईल. तुम्ही वेगवेगळे भांडत आलात, तर मी काही करू शकणार नाही."

दुसरी शाळा म्हणजे दुधोळ्याची. आमचं भैरोळी आणि समोरचं दुधोळे यांच्यामध्ये एक ओढा आहे. त्याच्यावर सिमेंटचा बुटका पूल आहे, आम्ही त्याला फरशी म्हणतो. पावसाळ्यात चार-दोन दिवस तिच्यावरून पाणी जातं, बाकी वर्षभर गुरंसुद्धा न थांबता ओलांडतात. माणसं मात्र ओलांडत नव्हती. पूर्वी दोन्ही गावांची एकच ग्रामपंचायत होती. तिची कचेरी कुठल्या गावात बांधायची यावरून भांडण पेटलं, डोकी फुटली, आणि पंचायत दोन झाली. तेव्हापासून त्यांची माणसं आमच्या यात्रेला येत नव्हती आणि आमची माणसं त्यांच्या लग्नाला जात नव्हती. मी आले तेव्हा हे सगळं होऊन गेलेलं होतं. मला ते घरातल्या भांड्यांसारखं आयतं मिळालं.

दोन्ही शाळांचा पट वीसच्या खाली गेला होता. आमची चौदा मुलं, त्यांची अकरा. तरणी माणसं मुंबई-पुण्याला गेली, ती बायकामुलं घेऊन गेली. जे मागं राहिले त्यातल्या ज्यांना झेपत होतं, त्यांची मुलं सकाळी पेठेच्या इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसत. उरलेली आमची.

मी सरपंच झाले ती जागा बायकांसाठी राखीव निघाली म्हणून. दहावी झालेली सून घरात होती, म्हणून तात्यांनी माझा अर्ज भरला. तात्या म्हणजे माझे सासरे. नवरा चिपळूण डेपोला एसटीत कंडक्टर, तो आठवड्यातून एकदा घरी यायचा. त्यामुळे कारभार तात्या सांगायचे आणि सही मी करायची. त्याचं मला फार वाईट वाटत होतं असंही नाही. सगळ्याच गावांत तसं चालायचं.

त्या संध्याकाळी भैरोबाच्या देवळासमोर पुरुषमंडळी जमली. मी कडेला उभी होते. तात्यांनी एका वाक्यात निकाल लावला.

"आपल्याकडं स्लॅबच्या दोन खोल्या, नळ, संडास. त्यांच्याकडं कौलं, ती बी गळतात. आंधळ्याला बी कळंल कुठली ठेवायची ती."

शाळेची जागा तात्यांनी दिलेली होती. नुसती जागा नाही, पायाचे दगड त्यांनी आपल्या बैलांनी ओढून आणले होते. गावात कोणी नवा माणूस आला की तात्या त्याला आधी शाळा दाखवत, मग देऊळ.

"आणि त्यांना सांगणार कोण?" बापू सपकाळानं विचारलं.

तात्या माझ्याकडं वळले. "शालन, तू जा सुभेदाराकडं. बाईमाणूस गेलं तर तो आवाज चढवणार न्हाई."

मी जायला तयार झाले, कारण मलाही ते पटलं होतं. आमची इमारत खरंच चांगली होती.

*

सुभेदार डांगे दुधोळ्याच्या शाळा समितीचे अध्यक्ष. फौजेतून निवृत्त होऊन गावी आलेले, एकटेच राहायचे. मी गेले तेव्हा ते आंब्याच्या कलमांना आळी करत होते. मला बघून कुदळ खाली ठेवली, हात धुतले आणि स्वतः पाण्याचा तांब्या आणून दिला.

"घ्या. भैरोळीच्या माणसानं आमच्यात पाणी प्यायलं तर ओढा आटत नाही."

मी पाणी प्याले आणि पाठ करून आलेलं सगळं बोलले. स्लॅब, नळ, संडास, दोन शिक्षकांना पुरतील अशा खोल्या. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"तुमची इमारत गळते," मी शेवटी म्हणाले.

"गळते. पावसात मी स्वतः पातेली ठेवतो."

"मग?"

"सरपंचबाई, झोऱ्यांच्या वाड्यावर कधी गेलाय?"

झोऱ्यांचा वाडा म्हणजे दुधोळ्याच्या वर डोंगरात असलेली धनगरांची वस्ती. आमच्या अंगणातून रात्री तिथले दिवे दिसायचे. मी कधी गेले नव्हते. आमच्या गावातलं कोणीच जात नसे. लोणी घेऊन त्या बायका खाली यायच्या, तेवढीच ओळख.

"आमच्या पटावरच्या चार पोरी तिथल्या आहेत," सुभेदार म्हणाले. "माझं एकच म्हणणं आहे. एक दिवस त्यांना वाड्यावरून तुमच्या शाळेत घेऊन जा. चालत. तुम्ही स्वतः. त्यानंतरही तुम्ही म्हणालात, शाळा भैरोळीत पाहिजे, तर गावाला मी तयार करतो. सहीसुद्धा पहिली माझी."

"एवढंच?"

"एवढंच."

परत येताना मला वाटलं, हा म्हातारा मला सोप्यात सोडतोय. चार पोरींना एक दिवस चालवत आणायचं, त्यात काय. आमच्या मुली पाण्यालासुद्धा तेवढं चालतात.

*

सकाळी पोरींबरोबर निघायचं तर आदल्या संध्याकाळीच वर जाणं भाग होतं. दुपार कलल्यावर निघाले. दुधोळ्यापर्यंत वाट सोपी आहे, पुढं चढ लागतो तो संपतच नाही. कारवीच्या झाडीतून, दगडांच्या पायऱ्यांवरून मी वर पोचले तेव्हा छाती भात्यासारखी चालत होती आणि म्हशी वाड्याकडं परतत होत्या.

ठकूबाई झोरे धार काढायला बसली होती. माझ्याएवढीच असेल, पण उन्हानं रापून माझ्याहून दहा वर्षांनी मोठी दिसत होती. मी कोण, कशासाठी आले, ते सांगितलं. तिनं धार थांबवली नाही.

"आमच्या पोरींसाठी सरपंच डोंगर चढून आली," ती म्हणाली. "बस बाय. दूध पी."

तिच्या दोन मुली. धाकटी काजल, तिसरीत. दुधोळ्याला जाणाऱ्या चौघींमधली एक. थोरली सुगंधा, तेरा वर्षांची, तिची शाळा दोन वर्षांपूर्वी सुटली होती. दुधोळ्यात चौथीपर्यंतच वर्ग. पाचवी पेठेत.

"पेठेला कोण सोडणार आणि कोण आणणार?" ठकूबाई म्हणाली. "म्हशी राखती आता. हातभार लागतो."

सुगंधा चुलीपाशी भाकरी थापत होती. काजल तिच्याजवळ पुस्तक घेऊन बसली होती आणि मोठ्यानं वाचत होती. एका ठिकाणी ती अडली. सुगंधानं तव्यावरची भाकरी उलटत, पुस्तकाकडं न बघता, पुढचा शब्द सांगितला. मग त्याच्या पुढची अख्खी ओळ. काजल रागावून म्हणाली, "मला वाचू दे की." सुगंधानं पुढची भाकरी थापायला घेतली.

मी ठकूबाईला म्हणाले, "शाळा आता एकच राहणार आहे. बहुतेक आमच्या भैरोळीत. तिथं चांगल्या खोल्या आहेत, नळ आहे."

तिनं चुलीत लाकूड सारलं. "दुधोळ्यापत्तूर पाठवतो आमी. तिथं सुभेदार हाय. पोरी भिजल्या तर अंग पुसायला फडका देतो. त्याच्या म्होरं न्हाई पाठवणार. तू चांगली दिसतीस, म्हणून तोंडावर सांगते. न्हाई पाठवणार."

"एक दिवस पाठवा. माझ्याबरोबर."

तिनं काजलकडं बघितलं. मग म्हणाली, "एक दिवस ने."

सकाळी उजाडता उजाडता आम्ही निघालो. काजल, तिच्या दोन चुलत बहिणी आणि सगळ्यात धाकटी पहिलीतली जनी. चौघींच्या पाठीवर दप्तर, हातात पाण्याची बाटली. त्या पुढं आणि मी मागं. त्यांची पावलं दगडांवर इतक्या सहज पडत होती की मला लाज वाटली. एका वळणावर चौघी एकदम थांबल्या आणि जोरजोरात टाळ्या वाजवायला लागल्या.

"काय झालं?"

"गवा असतो हितं," काजल म्हणाली. "आवाज केला की जातो."

आम्ही उभ्या राहिलो. झाडीत काहीतरी जड हललं आणि लांब गेलं. मग त्या परत चालू लागल्या, जणू काही झालंच नव्हतं. मी मात्र बराच वेळ मागं वळून बघत होते.

दुधोळ्यात आलो तेव्हा ऊन वर आलं होतं. पोरी सवयीनं शाळेच्या फाटकात वळल्या. मी म्हणाले, "आज इथं नाही. पुढं जायचंय." त्यांनी एकमेकींकडं बघितलं. जनीनं फाटक धरून ठेवलं होतं, ते सोडलं.

फरशीपर्यंत उतार, तिथून भैरोळीला उघडा चढ. सावलीला एक झाड नाही. हा चढ मी हजार वेळा चढले असेन, पण आधी डोंगर उतरून आलेल्या लहान पोरींबरोबर कधी नाही. मध्यावर जनी खाली बसली. तिला मी कडेवर घेतलं. तिचं दप्तर काजलनं घेतलं. कोणी कुरकुर केली नाही.

शाळेत पोचलो तेव्हा प्रार्थना, हजेरी सगळं होऊन गेलं होतं. गुरुजी फळ्यावर गणित घालत होते. प्रणालीनं सरकून काजलला जागा करून दिली आणि तिच्या पायांकडं बघत राहिली. गुडघ्यापर्यंत धूळ होती. काजलनं पाणी प्यायलं, पुस्तक काढलं, आमच्या भिंतीवरची रंगवलेली चित्रं बघितली, छताकडं बघितलं. तिला शाळा आवडलेली मला दिसत होती. मला बरं वाटलं. वाटलं, जमेल.

मी दारात उभी होते. थोड्या वेळानं ती उठून माझ्याकडं आली आणि हळूच म्हणाली, "बाय, आता निघायचं का?"

"अगं, आत्ता तर आलो."

"व्हय. पर उजेड हाय तवर वर पोचायला लागतंय. जनी हळू चालती."

फळ्यावरचा खडू थांबला. गुरुजींनी वळून माझ्याकडं बघितलं. तिनं काही तक्रार केलेली नव्हती. तिनं नुसता हिशेब मांडला होता, आणि तो बरोबर होता.

खिचडी शिजली तशी त्यांना पोटभर वाढली आणि मी त्यांना घेऊन परत निघाले. दुधोळ्यात शाळेच्या फाटकाशी सुभेदार उभे होते. मला वाटलं, आता हे काहीतरी विचारतील. त्यांनी फक्त पोरींच्या बाटल्या घेतल्या आणि भरून दिल्या. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तुम्ही पण पाणी प्या. पुढं चढ आहे."

*

घरी मी तात्यांना जेवताना सांगितलं. माझा धीर सुटायच्या आत सांगून टाकलं.

"तात्या, शाळा दुधोळ्यातच राहू द्यावी असं मला वाटतंय."

त्यांचा घास हातातच राहिला. "काय पाजलं तुला सुभेदारानं?"

"पाणी."

"थट्टा करू नगंस. जागा माझी हाय. दगड माझ्या बैलांनी वढलेत. आन तू ती शाळा त्यांच्या वट्यात घालणार?"

"आपली पोरं उतार उतरून खेळत जातील. त्या पोरी इथवर येऊच शकणार नाहीत. मी चालून बघितलंय."

"त्या आपल्या गावच्या न्हाईत."

"नाहीत," मी म्हणाले.

तात्यांनी ताटात हात धुतला आणि उठले. सासरी आल्यापासून त्यांना भरल्या ताटावरून उठलेलं मी कधी बघितलं नव्हतं. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलायचे बंद झाले. काही हवं असलं तर प्रणालीला सांगत, "आईला म्हणावं, चहा ठेव."

रविवारी ग्रामसभा होती. आमच्याकडं ग्रामसभेला बायका येत नसत, कोरम भरायला त्यांच्या सह्या घरी जाऊन घेत. शनिवारी मी शाळेत मूल असलेल्या प्रत्येक घरात गेले. ठराव, सरकार, पट यातलं काही बोलले नाही. झोऱ्यांच्या वाड्यावरून शाळेपर्यंतची वाट सांगितली आणि काजल मला काय म्हणाली ते सांगितलं. बायका ऐकून घेत. कोणी हो म्हटलं नाही, कोणी नाही म्हटलं नाही. दोघीतिघींनी मात्र एकच विचारलं, "आणि फरशीवर पाणी आलं तर?"

रात्रभर माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. पहाटे निकम गुरुजींच्या दारात गेले. त्यांनी माझं ऐकलं आणि म्हणाले, "त्याला वाट आहे."

सभा सुरू झाली तेव्हा बायका आल्या. डोक्यावर पदर घेऊन मागं बसल्या. पुरुषांनी मागं वळून बघितलं, काही हसले. मी बोलायला उभी राहिले आणि दुसऱ्या वाक्याला बापू उठला.

"म्हणजे दुधोळ्याला शरण जायचं? आजपत्तूर न्हाई गेलो."

"शरण कोण जातंय? शाळा दोन्ही गावांची. नाव दोन्ही गावांचं. आपले गुरुजी तिकडं, त्यांच्या शाळेतल्या बाई तिकडं. एका मास्तरनं चार वर्ग हाकायच्या ऐवजी दोघं शिकवतील."

"आन पावसाळ्यात पोरं व्हावून गेली तर?"

निकम गुरुजी उभे राहिले. ते सभेत कधी बोलत नसत. "ज्या दिवशी फरशीवर पाणी असेल, त्या दिवशी मी इकडंच थांबेन आणि इथल्या खोलीत वर्ग घेईन. ही इमारत कुठं जात नाही. शिवाय जूनच्या आत फरशीला कठडा पाहिजे. तो झाला नाही तर मीच मुलांना पाठवणार नाही."

"कठडा कोण घालणार? तुमचा शिक्षण विभाग?"

"पाइप मी आणतो."

आवाज मागून आला. सुभेदार डांगे देवळाच्या पायरीशी उभे होते. चपला बाहेर काढून, हात मागं बांधून. भांडण झाल्यापासून दुधोळ्याचा माणूस आमच्या देवळासमोर पहिल्यांदा उभा होता.

"सामान माझं," ते म्हणाले. "खड्डे मारायला मी आता म्हातारा झालोय. हात तुमचे लागतील."

"शाळा तुमची, आणि हात आमचे का?" बापू म्हणाला.

तेव्हा मागून सावित्रा बोलली. तिची दोन मुलं शाळेत होती, नवरा पुण्याला. ती सभेत काय, रस्त्यातसुद्धा मोठ्यानं बोलत नसे. "कारण पोरं आपली जाणार हायती, बापूभावजी," ती म्हणाली, आणि हात वर केला.

तिच्या शेजारणीनं केला. मग मागची सगळी ओळ. पुरुषांतले काही बायकोकडं बघत, काही जमिनीकडं बघत हात वर करू लागले. बापूनं केला नाही. तात्या देवळाच्या खांबाला टेकून बसले होते. त्यांनी हातही वर केला नाही आणि विरोधही केला नाही. मोजणी व्हायच्या आधी उठून निघून गेले.

सोमवारी माने साहेब आले. सुभेदार आणि मी एकाच बाकावर बसलेले बघून ते दारातच थांबले.

"मला वाटलं होतं, इथं मला मध्यस्थी करावी लागेल," ते म्हणाले. मग ठरावाचे कागद वाचता वाचता त्यांना काहीतरी सुचलं. "दोन्ही मिळून पट पंचवीस होतोय. मी पाचवीचा वर्ग मागून बघतो. देतील असं नाही. पण मागतो."

*

मे महिन्यात कठडा झाला. पहिल्या दिवशी आमच्याकडून चार माणसं गेली, तिसऱ्या दिवशी बापूसुद्धा पहार घेऊन आला आणि खड्डे उथळ मारलेत म्हणून सगळ्यांना बोलला. दुधोळ्यातल्या बायकांनी पिठलं-भाकरी केली. पहिल्या दिवशी दोन पंगती बसल्या, आमची वेगळी आणि त्यांची वेगळी. शेवटच्या दिवशी कोण कुठं बसलं कोणी बघितलं नाही.

आमच्या शाळेतले बाक ट्रॅक्टरनं न्यायचे होते त्या सकाळी तात्या शाळेत आले. मी जरा घाबरले. ते बाकांना हात लावून बघत फिरले, एकाचा पाय हलत होता तो ठोकून दिला. पोरांनी शाळेची घंटा काढायला शिडी लावली तेव्हा मात्र ते म्हणाले, "ती ऱ्हाऊ द्या."

तात्या माझ्याकडं बघून म्हणाले, "पोरांना निघायची येळ कशी कळणार? मी वाजवीन सकाळची. आन फरशीपत्तूर जाईन त्यांच्यासंगं."

दोन महिन्यांत ते माझ्याशी पहिल्यांदा बोलले होते. मी मान हलवली आणि बाक उचलायला वाकले, कारण माझा चेहरा त्यांनी बघू नये असं मला वाटत होतं.

तात्यांनी पुढं सहा वर्षं ती घंटा वाजवली. ते गेले त्याला आता बराच काळ झाला. मी पुन्हा सरपंचकीला उभी राहिले नाही. आमच्या जुन्या खोल्यांत अंगणवाडी भरते, आणि फरशीवर पाणी असेल त्या दिवशी शाळा. माने साहेब बदलून गेले. ही सगळी माणसं आठवली की मला त्या वर्षीचा जूनमधला पहिला दिवस आठवतो.

त्या सकाळी आमची मुलं फरशी ओलांडून दुधोळ्यात पोचली तेव्हा तिथल्या मुलांनी दाराला पानांचं तोरण बांधलं होतं. कौलं नीट चाळून, फुटकी बदलून घेतलेली होती. माने साहेब मुद्दाम आले होते, पाचवीची मंजुरी खिशात घेऊन. ते ती गुरुजींना दाखवत होते, आणि गुरुजी परत परत वाचत होते, जणू त्यात एखादी अट लपलेली असेल.

वाड्यावरच्या पोरी अजून आल्या नव्हत्या. मी फाटकाशी उभी राहून डोंगराकडं बघत होते. सुभेदारही येरझाऱ्या घालत होते. प्रार्थना संपली. मला काळजी वाटायला लागली. ठकूबाईनं विचार बदलला असेल, की वाटेत गवा आडवा आला असेल.

मग कारवीतून त्या बाहेर पडल्या. पुढं काजल, तिच्यामागं जनी. त्यांच्यामागं चुलत बहिणी. आणि त्यांच्यामागं आणखी मुलं. मी मोजली नाहीत, पण ओळ चौघींपेक्षा बरीच लांब होती. शेवटी सुगंधा होती. तिच्या खांद्यावर एक लहानगा बसला होता आणि त्यानं तिचे केस घट्ट धरले होते.

माने साहेब बाहेर आले. "ही कुठली मुलं? ही तर कोणाच्याच पटावर नाहीत."

सुगंधानं लहानग्याला खाली उतरवलं. "पल्याडच्या वाड्यावरची हायती. शेळक्यांची. शाळा बंद पडणार, बंद पडणार म्हणून त्यांना कुणी घालत न्हवतं. मी काल जाऊन सांगितलं, न्हाई पडत."

माने साहेब त्या मुलांकडं बघत राहिले. इतकी वर्षं हा तालुका त्यांच्याकडं होता आणि ती मुलं डोंगराच्या पलीकडं वाढत होती. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि खाली वाकून त्या लहानग्याला विचारलं, "नाव काय तुझं?"

मुलं एकेक करून आत गेली. सुभेदार दारात उभे राहून प्रत्येकाचे पाय बघत होते आणि फडक्यानं पुसत होते. सुगंधा बाहेरच थांबली होती. गुरुजी तिला म्हणाले, "तू का उभी?"

"मी नुसती सोडायला आले." ती आत वाकून बघत होती. मग तिनं मला विचारलं, "बाय, काजल म्हणती, हितं पाचवी आली. खरं हाय?"

"खरं आहे."

"म्हंजी कुणालाबी बसता येतं?"

"चौथी झालेल्या कुणालाही."

तिनं वर डोंगराकडं बघितलं. म्हशी तिथून दिसत नव्हत्या, पण ती बहुतेक त्यांचाच विचार करत होती. मग तिनं चपला काढल्या, भिंतीशी जोडीनं ठेवल्या, केस मागं घेतले.

"म्हशींचं आयला सांजच्याला सांगते," ती म्हणाली आणि आत जाऊन काजलच्या शेजारी बसली.